दोरी ओढणारा हात

सेलूच्या स्टेशनावर आई मला सोडायला आली, त्या दिवशी आमच्या जागा बदलल्या होत्या. एरवी दसरा झाला की वालूरहून ऊसतोडीचा ट्रक निघायचा. त्यात आई आणि दादा, म्हणजे माझे वडील, चढून बसायचे आणि मी आत्याचा हात धरून खाली उभा राहायचो. ट्रक वळला की आत्या म्हणायची, "चल, शाळेला उशीर व्हायलाय." त्या दिवशी मात्र मी गाडीत होतो आणि आई फलाटावर. पुण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. तिनं खिडकीतून चटणीची बरणी दिली आणि म्हणाली, "उतरताना इसरू नको."

गाडी हलली तसा मी सवयीनं गुणगुणायला लागलो. आईनं झटकन तोंड फिरवलं. मला वाटलं, डोळे पुसायलीय.

मी कायम एकच सूर गुणगुणायचो. त्याला शब्द नव्हते. हळूहळू चढायचा, वर जाऊन क्षणभर थांबायचा आणि खाली यायचा. लहानपणी तो ओठावर आला की आई मला पाणी आणायला पिटाळायची. आत्यानं कधी काही विचारलं नाही. होस्टेलवर, परीक्षेच्या हॉलबाहेर, पहिल्या नोकरीच्या मुलाखतीआधी, घाबरलो की तो आपोआप यायचा. कुठून आला याचा मी विचार केला नव्हता. आपल्या नाकाचा आपण कुठं विचार करतो?

तुमच्यातले जे गावात राहिले आणि जे माझ्यासारखे बाहेर पडले, त्या सगळ्यांना हे सांगावंसं वाटतं, कारण आपण काय काय सोबत घेऊन निघालो, ते आपल्याला माहीत असतंच असं नाही.

माझी मुलगी सई दीड वर्षाची झाली आणि माझ्या बायकोनं, स्वातीनं, तिच्यासाठी म्युझिक क्लास बघायला घेतले. आमच्या सोसायटीत सगळीच लेकरं कुठं ना कुठं जातात. आई तेव्हा वालूरहून आमच्याकडे आली होती. दादा गेल्यापासून ती थोडे दिवस इथं, थोडे दिवस तिथं असते.

"एवढ्याशा लेकराला गाण्याचा क्लास?" आई म्हणाली. "उद्या जांभई द्यायचा बी काढतील."

"आई, तोही निघाला तर ह्यांनाच घाला पहिल्यांदा," स्वाती माझ्याकडे बघत म्हणाली. "मीटिंगमध्ये तोंड झाकत नाहीत."

पहिला क्लास चकाचक होता. एसी, रंगीत गाद्या, भिंतीवर मेंदूचं चित्र. गणवेशातल्या मॅडमनं संगीतानं बुद्धी कशी वाढते ते स्क्रीनवर दाखवलं. मला ते पटलं. शिकण्यानंच माझं आयुष्य बदललं, म्हणून शिकवणाऱ्या माणसापुढे मी अजूनही नकळत हात जोडतो. पण सई तिथं पूर्ण वेळ स्वातीच्या ओढणीत तोंड लपवून बसली.

दुसरा क्लास एका निवृत्त शिक्षिकेच्या तळमजल्यावरच्या घरात होता. जमिनीवर सतरंजी, एक ढोलकी, चमचे, घुंगरू, तांदूळ भरलेल्या डब्या. आई कोपऱ्यात खुर्चीवर बसली. बाई म्हणाल्या, "आज मी काही शिकवणार नाही. घरी बाळाला झोपवताना तुम्ही जे म्हणता, तेच म्हणा. आवाज कसाही असू दे."

माझी पाळी आली. सईला मांडीवर घेऊन मी तोच सूर धरला. सईनं घुंगरू खाली ठेवलं आणि माझ्या छातीला कान लावला. बाई बघत होत्या. मग हसून म्हणाल्या, "सईचे बाबा, सगळे थोपटतात. तुम्ही काय ओढताय?"

मी खाली पाहिलं. माझी उजवी मूठ वळलेली होती आणि हात मागे-पुढे, मागे-पुढे चालला होता, समोर बांधलेली एखादी दोरी ओढावी तसा. मला कधी कळलंच नव्हतं. स्वाती म्हणाली, "हे नेहमी असंच करतात. मला वाटायचं, सवय आहे."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आई उठून बाहेर गेली होती.

ती अंगणातल्या पायरीवर बसलेली सापडली. मी शेजारी बसलो. तिनं माझा उजवा हात हातात घेतला आणि तळवा उघडून बघितला, जणू त्यावर वळ असावेत.

"कुसुम आठवती का तुला?" ती म्हणाली.

कुसुम माझी धाकटी बहीण. ती तान्ही असताना थंडीतापानं गेली, एवढंच घरात सांगितलेलं. तिचा चेहरा मला आठवत नाही.

"न्हाई," मी म्हणालो.

"त्या साली तुमा दोघाला बी फडावर नेलं होतं," आई सांगायला लागली. फड म्हणजे तोडीला आलेला ऊस. तिथंच पाचटाच्या, उसाच्या वाळल्या पानांच्या, कोप्या बांधून राहायचं. "झुंजुरकाच, उजाडायच्या आधी, आमी ऊस तोडायला जायचो. कुसीची झोळी कोपीत बांधलेली. तुला दोरी धरून बसवायची. गाणं मीच शिकवलं तुला, नाव घालून म्हणायचं. तुला बोबड्याला शब्द येत नव्हते, निसता सूर धरायचास. त्या दिवशी तिला ताप होता. मुकादम सुट्टी देईना. मी दुपारी आले तर तू दोरी ओढायलाच होतास. म्हणायलाच होतास. झोळी हलायली होती." तिनं माझी मूठ मिटली. "कुसी गार पडली होती."

आतून दुसऱ्या कुणाच्या तरी बाळाचं गाणं ऐकू येत होतं.

"तुला म्हणलं, सोड आता. तू सोडंनास. म्हणलास, झोपलीय, उठंल."

मी विचारलं, "म्हणून मला आत्याकडे ठेवलं?"

"त्याच्यानंतर तुला फडावर न्यायची छातीच झाली न्हाई. लोकाला सांगितलं, पोरगं शिकवायचंय."

मी आजवर सगळ्यांना सांगत आलो होतो की माझ्या अडाणी आईबापांनी शिक्षणाची किंमत ओळखली. ते खोटं नाही. पण माझी शाळा, माझी पदवी, हे पुणं, हे सगळं त्या कोपीतून सुरू झालं होतं. मला घाबरल्यावर जो सूर धीर द्यायचा, तो तिथलाच होता.

"तू मला कधी सांगितलं नाहीस," मी म्हणालो.

"कशाला सांगू? तू म्हणला असतास, माझ्या हातात गेली. तसं न्हाई ते, गणू. लय वर्सं मीच मनाला खात बसले, की लेकरू एकटं टाकून गेले. पण ती एकटी नव्हती. तू होतास. शेवटपोत्तर तिच्या कानात गाणं होतं."

तेवढ्यात स्वाती सईला घेऊन बाहेर आली. आमच्याकडे बघून तिनं सईला आईच्या मांडीवर ठेवलं. आई तिला बघत राहिली आणि मग मला म्हणाली, "म्हण."

मला जमेना. तिनंच सुरुवात केली, फाटक्या आवाजात. पहिल्यांदा मी त्या सुराचे शब्द ऐकले. साधेच होते, चिमणी दमली, वारा दमला, तू पण दम घे. सूर वर जाऊन जिथं थांबायचा, तिथं नाव घालायचं असतं. मी ती जागा आयुष्यभर रिकामी म्हणत आलो होतो. आई तिथं अडखळली. "कुसुम," म्हणाली. दुसऱ्या खेपेला म्हणाली, "सई."

सईला आम्ही त्याच क्लासला घातलं. ती आता दोन्ही नावं म्हणते. कुसुम कोण, ते तिला सांगायला अजून वेळ आहे.

लोक विचारतात, घर कुठलं? मी वालूर सांगतो, पत्ता पुण्याचा देतो. पण दुपारी सईला झोपवताना मला दोन्ही आठवत नाहीत. उन्हात तापलेलं पाचट, हलणारी झोळी, आणि बाहेर लांब कुठंतरी कोयत्यांचा आवाज, एवढंच असतं. सई केव्हाच झोपलेली असते आणि माझा हात चालूच असतो. मग मी तिच्या नाकापुढे बोट धरून बघतो. बोटाला श्वास जाणवला तरी हात थांबत नाही. आई असली की येऊन तो धरते. ती गावी असली की स्वाती धरते.