काकाच्या कॅसेटवरची शीळ

चौदाव्या वर्षी माझ्या आयुष्यात एकच गोष्ट महत्त्वाची होती: शुक्रवारी दुपारी तीनला इंग्रजी एफएमवर लागणारा तासाभराचा कार्यक्रम. निवेदक जुन्या रॉक आणि सोल संगीतातला एकेक गाजलेला प्रसंग सांगायचा आणि मग गाणं लावायचा. कुणी भर स्टेजवर आपली गिटार पेटवून दिली. कुणी विजेची गिटार हातात घेतली म्हणून त्याच्याच चाहत्यांनी त्याची हुर्यो उडवली. चौघं कडाक्याच्या थंडीत गच्चीवर वाजवायला उभे राहिले आणि खालून पोलीस आले. आखातात, अल कुसैसच्या आमच्या एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये मी हे सगळं कॅसेटवर उतरवून घ्यायचो. बाबा विचारायचे, ही कसली रडारड, कोण मेलंय? मी इंग्रजीत काहीतरी पुटपुटायचो. मराठीत उलट बोललं की लगेच कानाखाली बसायची, इंग्रजीत बसायला जरा वेळ लागायचा.

घरात कॅसेटचा खरा उपयोग मात्र वेगळा होता. बाबा रास अल खोरच्या एका गॅरेजात स्टोअरकीपर होते. फोन परवडायचा नाही आणि पत्र लिहायचा त्यांना भारी कंटाळा. मग टेपरेकॉर्डरसमोर मांडी घालून, घसा खाकरून ते अर्धा तास बोलायचे, आणि सुट्टीवर निघालेल्या कुणाच्या तरी बॅगेतून ती कॅसेट कोकणात धाकट्या काकाकडे पोचायची. काका तिच्यावरच आपलं बोलणं भरून परत पाठवायचा. एकच कॅसेट वर्षभर ये-जा करायची. काकाचं ऐकून झालं की बाबांना सवड मिळेपर्यंत ती रिकामीच, म्हणजे माझीच.

शहाण्णवच्या आसपासचा तो शुक्रवार. मी खालून क्रिकेट खेळून धापा टाकत वर आलो तेव्हा तीन वाजले होते. टेपरेकॉर्डरमध्ये कॅसेट होतीच. काकाचीच ती जुनी, असं समजून मी बटण दाबलं.

त्या दिवशीचा प्रसंग एका सोल गायकाचा होता. त्यानं एक गाणं रेकॉर्ड केलं, शेवटी शब्द सुचले नाहीत म्हणून नुसती शीळ घातली, आणि थोड्याच दिवसांत विमान कोसळून तो गेला. गाणं बाहेर आलं ते तो गेल्यावर. मी ते ऐकून चक्क रडलो. मग पुन्हा ऐकायला म्हणून कॅसेट मागे नेली, तर जरा जास्तच मागे गेली, आणि बाबांचा आवाज आला.

बाबांनी आदल्याच दिवशी आपला निरोप भरला होता. त्या दुपारी ते तो तपासून ऐकत होते, तेवढ्यात ड्युटीच्या गाडीचा हॉर्न वाजला आणि कॅसेट अर्ध्यावर थांबवून ते निघून गेले. नेमकं तिथूनच मी भरायला सुरुवात केली होती. वाचलेलं पहिलं अर्धं मी घाईघाईनं ऐकलं. आमच्या गॅरेजला मेकॅनिक हवाय, तुझं नाव दिलंय, मॅनेजर हो म्हणालाय, इन्शाल्ला काम झालं समज. हुश्श! म्हटलं, मुद्द्याचं तर शाबूत आहे. पुढे नेहमीसारखा याला-त्याला नमस्कार असणार. संध्याकाळी बाबांचा मित्र कॅसेट न्यायला आला. मी मूग गिळून बसलो.

महिन्याभरानं काकाच्या शेजारच्या दुकानातून फोन आला. काकानं एसटी डेपोतली पर्मनंट नोकरी सोडली होती आणि व्हिसा कधी येतोय विचारत होता. इकडे मॅनेजरनं केव्हाच दुसरा माणूस घेऊन टाकला होता. बाबा ओरडले, "अरे, मी स्पष्ट सांगितलं होतं ना, व्हिसाचा कागद हातात पडेपर्यंत नोकरी सोडू नकोस म्हणून!" मी बाजूलाच उभा होतो. पुसलेल्या अर्ध्यात काय होतं ते मला तेव्हा कळलं. काका पलीकडून बराच वेळ काहीतरी सांगत होता. बाबा ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "खोटं बोलू नकोस," आणि फोन ठेवला.

त्यानंतर दोघं भाऊ सात वर्षं धड बोलले नाहीत. आलेल्या-गेलेल्यासमोर बाबा सांगायचे, सख्खा भाऊ, पण आपली चूक माझ्या माथी मारतो. काका कुणाच्या तरी टेम्पोवर ड्रायव्हर झाला. मी गाणी ऐकायचं सोडलं. कशाला खोटं बोलू, ऐकत होतो, पण लाज वाटायची.

दोन हजार तीनमध्ये बाबांचा व्हिसा संपला. आता गावी जाऊन काकाच्या भिंतीला भिंत लागून राहायचं होतं. मी तोवर नोकरीला लागलो होतो, अल बर्शात भाड्यानं जागा घेतली होती. एअरपोर्टच्या वाटेवर आई मागच्या सीटवर झोपली होती. मी म्हटलं, आत्ता नाही तर कधीच नाही, आणि सगळं सांगून टाकलं. रडत सांगितलं, माफी मागितली.

बाबा समोर रस्त्याकडे बघत होते. "ठाऊक आहे मला," ते म्हणाले. "त्या फोनवरच तो म्हणाला होता. 'दादा, तुझ्या बोलण्यानंतर इंग्रजी गाणी आहेत आणि कुणीतरी शीळ घालतंय.' हे तुझंच काम, हे मी काय ओळखलं नसेल?"

मग त्याला खोटं का पाडलंत, असं मी विचारलं. बाबा म्हणाले की चूक आपल्या घरची आहे असं कबूल केलं असतं, तर त्याला इकडे आणणं त्यांच्या गळ्यात पडलं असतं, आणि ती त्यांची ताकद नव्हती. माझ्यावर ते जराही चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं.

सामान उतरवताना त्यांनी माझा दंड धरला. "त्याला सांगू नकोस. आता शेजारी राहायचंय. त्याच्या लेखी मला मोठा भाऊ राहू दे."

मी नाही सांगितलं. बाबा गावी गेल्यावर दोघांचं हळूहळू जमलं. मध्यंतरी मी फोन केला तर काकानं उचलला, दादा झोपलाय म्हणाला. मग जुनं काहीबाही निघालं, आणि तो हसत म्हणाला, "अरे, दादा कशाला खोटं बोलेल? तेव्हा मीच नीट ऐकलं नसणार."