वहिनीचा कट्टा

मला चौकशीची भारी खोड. नाहीतर दुसऱ्याची केस बघायला कुणी शाळेतून अर्धी रजा काढतं का? पण साक्ष आमच्या वहिनीची होती आणि आरोपी समोरच्या घरातला मुलगा. स्मॅक म्हणजे गर्द विकणं, पिस्तूल बाळगणं, पोलिसाला मारहाण, सगळं एकाच केसमध्ये!

झालं असं. नया बाजारातल्या आमच्या गल्लीत पोलिसांनी तिघांना धरलं, त्यात हा मुलगा. पुड्या बाकीच्या दोघांच्या खिशात निघाल्या. पिस्तूल मात्र जमिनीवर पडलेलं, आणि ते कुणाचं हे कळेना. त्या गडबडीत एका शिपायाचं डोकं फुटलं. वहिनी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होती. दरोगाने समोरच्या मुलाकडे बोट दाखवून तिला विचारलं, "कट्टा इसके पास था?" वहिनी मूळची साताऱ्याची, नुकतीच लग्न होऊन आलेली. म्हणाली, "हाँ हाँ, कट्टे के पास ही था."

आता बोला! आमच्या ग्वाल्हेरात कट्टा म्हणजे गावठी पिस्तूल. तिच्या साताऱ्यात कट्टा म्हणजे बसायचा ओटा, ज्याला आम्ही इथे चबूतरा म्हणतो. बिचारी ओट्याबद्दल बोलली आणि पोरगा पिस्तुलासकट आत गेला.

घरी हा घोटाळा कळल्यावर आधी मी पोट धरून हसले आणि मग पोरगा खरंच आत बसलाय हे आठवलं. तशाच दोघी त्याच्या आईकडे गेलो. ती वहिनीचे हात धरून कितीतरी वेळ रडली. साक्षीच्या दिवशी आम्ही तिघी एकाच रिक्षाने कोर्टात गेलो.

मुलाच्या वकिलांनी विचारलं, "कट्टा कितना बड़ा था?"

वहिनीने दोन्ही हात फाकवले. "चार लोग आराम से बैठ जाते हैं."

जज मॅडमनासुद्धा हसू आवरेना. मी ओढणी तोंडात कोंबली. मग सगळा उलगडा झाला. मुलाच्या हातात पिस्तूल पाहिलं का, तर नाही, असं वहिनीने ठणकावून सांगितलं. त्याच्या आईने डोळे मिटून हात जोडले. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

तेवढ्यात सरकारी वकील उठले. "तो फिर उसके हाथ में था क्या?"

"ईंट," वहिनी म्हणाली. "सिपाही के सिर पर मारी."

वीट मागून बसलेली, कुणी मारली हे त्या शिपायालाही सांगता आलं नव्हतं. वहिनीला हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. अगदी मीसुद्धा!

बाहेर आल्यावर मी वहिनीवर उखडलेच. "जरा गप्प नाही का गं बसायचं?"

"त्यांनी विचारलं ना, ताई," ती रडवेली होऊन म्हणाली.

"उसे मत डाँटो," त्याची आई म्हणाली. "ईंट तो मैंने भी देखी थी, बेटी. बस, मुझसे किसी ने पूछा नहीं."