हे खोटं हाय, उद्या पुढचं

कुणाला कादंबरी सुचवायची म्हटलं की माझ्या अंगात येतं. आम्ही बौद्ध, अंगात येणं मानत नाही, तरी येतं. परभणीच्या ऑफिसात माझ्याकडे रजेचा अर्ज घेऊन आलेला माणूस जाताना एखादा जादूगार नाहीतर शापित राजपुत्र घेऊन जातो. रजा मिळतेच असं नाही.

तर राणीसावरगावहून धाकट्या बहिणीचा फोन आला. सासू वारल्यापासून तिचे सासरे बोलेनासे झाले होते. रिटायर गुरुजी, आम्ही त्यांना मामा म्हणतो. पावसाळ्यात वर्षावासाचे तीन महिने विहारात रोज संध्याकाळी ग्रंथ वाचला जातो, आणि गावाच्या आठवणीत तो आवाज त्यांचाच. यंदा आषाढ पौर्णिमा उलटली, वर्षावास सुरू झाला, तरी ते विहाराकडे फिरकले नव्हते.

"दादा, नुसतं भिंतीकडं बघत बसायलेत. काहीतरी कर."

तिला बहुतेक डॉक्टर हवा होता. मी वाचनालयातली सर्वांत जाड अद्भुत कादंबरी घेऊन गेलो.

मामांनी मुखपृष्ठ बराच वेळ पाहिलं.

"हे काय?"

बहीण चहा घेऊन दारातच थांबली. कित्येक दिवसांनी ते बोलले होते.

"ड्रॅगन, मामा. उडतो, आग ओकतो."

"आपण असलं मानत न्हाई."

"मानायचं न्हाई, वाचायचं."

"म्हंजे खोटं हाय?"

"एकूण एक पान. मी हमी देतो."

खोटेपणाची हमी मिळाल्यावर त्यांनी चष्मा पुसला.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. मामांना मनातल्या मनात वाचता येत नाही. वाचायचं म्हणजे पांढरा सदरा घालायचा, पुस्तक चौरंगावर ठेवायचं आणि शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं वाचायचं. शेवटचा माणूस नव्हता, तो हळूहळू जमला. आधी शेजारची काकू आली, मग तिच्या जावा, मग अंगणच भरलं. मामा वाचायचे, अवघड जागी थांबून अर्थ सांगायचे आणि प्रकरण संपलं की चष्मा काढून गंभीरपणे म्हणायचे, "हे खोटं हाय. उद्या पुढचं."

लोक मान डोलावून घरी जायचे.

शेवटच्या प्रकरणाला मी मुद्दाम हजर राहिलो. राजकन्या ड्रॅगनच्या एका नखाला लोंबकळत होती, खाली उकळता समुद्र. मामांनी पान उलटलं. पुढे कोरा कागद.

"दुसरा भाग आण," ते मला म्हणाले.

"लेखकानं अजून लिहिला न्हाई, मामा."

अंगणातल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. राजकन्येला मीच लटकावलं होतं.

"काय माणूस हाय," काकू म्हणाली. "अर्धवट पुस्तक घिऊन आला लांबून."

मामांनी पुस्तक मिटलं, सदऱ्याची बटणं काढली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. बहिणीनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेपेक्षा उकळता समुद्र बरा.

मग काकूच पुढे झाली. "गुरुजी, त्यात काय एवढं? विहारातला ग्रंथ संपला तर आपण काय करतो? पुढल्या वर्षावासाला पयल्या पानावरून लावतोच की. तसंच हे बी लावा."

मामांनी भिंतीवरून तोंड वळवलं. मग हळूच म्हणाले, "ग्रंथ कोण वाचायलंय सध्या?"

"कोण वाचणार? तुमची वाट बघायलेत."

त्यांनी बटणं पुन्हा लावली. "आधी तिकडं. मग हे."

सगळं अंगण त्यांच्यामागे विहारात गेलं. मामांनी वंदना घेतली, ग्रंथ उघडला आणि वाचू लागले. आवाज पहिल्यासारखाच खणखणीत. बहीण पदरानं डोळे पुसत होती. मी मात्र एका वेगळ्याच काळजीत होतो. सवय वाईट असते. वाचन संपलं, मामांनी चष्मा काढला, तोंड उघडलं. काकूलाही तीच काळजी असावी, कारण तिनं माझं मनगट धरलं.

"उद्या पुढचं," मामा म्हणाले.

'हे खोटं हाय' हे पहिलं वाक्य त्यांनी घरी येऊन, ड्रॅगनचं पहिलं पान उघडताना वापरलं.

दुसरा भाग अजून आलेला नाही. वाचनालयाचं पुस्तकही परत आलेलं नाही.