केकवरचा विमानतळ

अननसाच्या इसेन्सचा वास आला की मला मस्कतच्या दार्सैत भागातला तो सत्कार आठवतो. आमच्या तालुक्याचे पुढारी मस्कतला आले होते, आणि गावच्या विमानतळाची धावपट्टी झाली म्हणून तिथल्या आमच्या मराठी मंडळाने विमानतळाच्याच आकाराचा अननसाचा केक आणवला होता. हिरव्या आयसिंगचे डोंगर, चॉकलेटची धावपट्टी; खऱ्या धावपट्टीवर तेव्हा गुरं चरत होती. ओमानमधल्याच सोहार शहरातल्या कारखान्यातला आमच्या गावचा एक वेल्डर बॅग घेऊनच हॉलमध्ये आला. त्याची आई अत्यवस्थ होती. घर विमानतळाच्या कुंपणाला लागून, पण त्याला मुंबईला उतरून पुढे रात्रभर बसने जायचं होतं. "साहेब, विमान कधी येतला?" त्याने विचारलं. साहेब सुरी पुसत म्हणाले, "इन्शाल्ला, गणपतीला." आमच्या सुशिक्षित मंडळींनी टाळ्या वाजवल्या. "आवस तोपर्यंत थांबतली काय, तां इचारून सांगतंय," तो म्हणाला. साहेबांनी हसत त्याच्यापुढे धावपट्टीचा तुकडा धरला. त्याला हातही न लावता तो टॅक्सीकडे गेला. घरी पोहोचला तेव्हा आईला स्मशानात नेलेलं होतं. आता तिथे विमान उतरतं, आत साहेबांचा मोठा फोटो लागलाय म्हणे. मी मात्र अजून मुंबईवरूनच गावी जाते, आणि पोरांनो, तुमचा बाबा मला हट्टी म्हणतो.