वन्संचं उघडं दार

वन्सं गेल्याचा फोन आला तेव्हा मी घरी पेज शिजवत होते. रात्रभर हॉस्पिटलमध्ये त्यांच्या उशाशी बसून सकाळी मी वाकोल्याला परतले होते आणि हे त्यांच्याजवळ थांबले होते. आंघोळ करून, पेज डब्यात भरून मी परत जाणार होते. फोनवर हे नुसतं "सुमन…" म्हणाले आणि थांबले. मी गॅस बंद केला. पेज तशीच राहिली. संध्याकाळी आलेल्यांपैकी कोणीतरी ते पातेलं घासून पालथं घातलं. ते पाहिलं तेव्हा मला रडू आलं, तोपर्यंत आलं नव्हतं.

एस्तेर वन्सं म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. त्यांनी लग्न केलं नाही. नर्स होत्या, आणि धाकट्या भावाला त्यांनीच शिकवून मोठं केलं. मी लग्न होऊन नगरकडच्या खेड्यातून मुंबईत वाकोल्याच्या बैठ्या चाळीत आले तेव्हा त्यांना बघूनच माझी जीभ टाळूला चिकटायची. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. त्या डॉक्टरांशी इंग्रजीत बोलायच्या आणि पाववाल्याशी हिंदीत भांडायच्या. पहिलं वर्षभर मी त्यांच्याशी 'हो वन्सं', 'नाही वन्सं' यापलीकडे काही बोलले असेन असं मला आठवत नाही. त्यांनीही कधी टोकलं नाही. एकदाच शेजारणीला सांगताना ऐकलं, "आमची सुमन बोलत नाही, पण तिच्या भाकरी बोलतात." तेवढ्यावर मी कितीतरी दिवस आनंदात होते.

दर रविवारी दुपारी चार वाजता आमच्या खोलीत मुलांची रविवारची शाळा भरायची. मंडळीतली, म्हणजे आमच्या चर्चमधली, मुलं यायची आणि चाळीतलीही दोन-चार येऊन बसायची. वन्सं कुणाला बोलवायच्या नाहीत आणि कुणाला परतही पाठवायच्या नाहीत. मुलं त्यांना एस्तेर आंटी म्हणायची. मी सतरंजी घालायचे, लिंबाचं सरबत करायचे आणि ओट्याला टेकून ऐकत राहायचे. इतर ठिकाणी मुलांना गोष्टी आणि गाणी शिकवतात, ती वन्संही शिकवायच्या, पण त्यांचा खरा जोर मनावर होता. त्या म्हणायच्या की हात धुवायला आई शिकवते, दात घासायला आई शिकवते, मग मन धुवायला कोण शिकवणार? विमानतळ जवळच, म्हणून आमच्या डोक्यावरून विमानं जातात. एक गेलं की थोड्या वेळात दुसरं, आणि ते जाईपर्यंत कुणाचं काही ऐकू येत नाही. बाहेरून आलेला माणूस वैतागतो. वन्संनी त्याचाच धडा केला होता. विमानाचा आवाज आला की सगळ्या मुलांनी डोळे मिटायचे आणि मनात या क्षणाला काय चाललंय ते बघायचं. आवाज गेला की डोळे उघडायचे. त्यात वाईट काही दिसलं असेल तर लगेच प्रभू येशूचं नाव घ्यायचं आणि ते हाकलून द्यायचं. सुरुवातीला त्या असंच शिकवायच्या. हाकला. दुसऱ्यांदा आलं, दुसऱ्यांदा हाकला.

आमची रूथ तेव्हा सात वर्षांची होती आणि मला नुकता मुलगा झाला होता. तोवर रूथ घरात एकटीच लाडकी, वन्संची तर शेपूटच. बाळ आल्यावर सगळे त्याच्याभोवती. मला वाटलं, होईल सवय. पण पोरगी दिवसेंदिवस गप्प व्हायला लागली. बाळाजवळ जाईना. मांडीवर देऊ केलं तर हात मागे घेऊन पळायची. आणि तिचे ओठ सारखे हलत असायचे. जेवताना, वेणी घालताना, शाळेच्या वाटेवरसुद्धा. मी कान देऊन ऐकलं तर ती प्रभूचं नाव घेत होती. घास तोंडात, डोळ्यांत पाणी, आणि ओठांवर नाव. ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, चांगलंच आहे की, भक्ती करणारी मुलगी आहे. पण ती भक्ती नव्हती. मी गावाकडे विंचू चावलेलं माणूस बघितलं होतं, तसा तिचा चेहरा दिसायचा. रात्री ती भिंतीकडे तोंड करून झोपायची आणि मुठी झोपेतही सुटायच्या नाहीत.

वन्संना सांगायला मला धीर होईना. शिकवण त्यांची होती, आणि त्या शिकवणीनेच पोर सुकत चाललीय असं त्यांच्या तोंडावर म्हणणारी मी कोण? शेवटी एका संध्याकाळी त्या ड्यूटीवरून येऊन पाय धूत होत्या, तेव्हा मी मागे उभी राहून म्हटलं, "वन्सं, पोरगी हसत नाही."

त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. घरकामाखेरीज मी आपणहून बोललेलं पहिलंच वाक्य असेल ते. त्यांनी पाय पुसले, रूथला हाक मारली आणि तिला घेऊन दारातच उंबऱ्यावर बसल्या. मी आत ओट्यापाशी होते, पण आमची खोली ती केवढी, सगळं ऐकू येत होतं. वन्संनी घाई केली नाही. मग रूथ अगदी बारीक आवाजात म्हणाली, "मला वाटतं बाळ मोरीत पडावं. सारखं वाटतं. नाव घेतलं तरी परत वाटतं."

माझ्या हातातला कालथा थांबला. वन्संनी विचारलं,

"मग? पाडलंस का?"

"नाही."

"का नाही पाडलंस?"

"ते रडलं असतं ना."

"बघ," वन्सं म्हणाल्या, "विचार आला, पण तू त्याचं ऐकलं नाहीस. मग मालक कोण, तू का तो?"

मग वन्संनी तिला सांगितलं की असं त्यांनाही होतं. म्हणाल्या, परवाच तुझ्या आईने भातात मीठ टाकलं नाही, तेव्हा मला वाटलं हिला आत्ताच्या आत्ता एसटीत बसवून माहेरी धाडावं, वर एक बोचकंही द्यावं. हे ऐकून रूथ फस्सकन हसली. कितीतरी दिवसांनी हसली. मला मात्र मीठ विसरलेलं तेव्हाच कळलं, कारण त्या दिवशी वन्सं निमूट जेवल्या होत्या.

त्यानंतर त्या तिला जे बोलल्या ते माझ्या अजून कानात आहे. त्यांनी समोरच्या गल्लीकडे बोट दाखवलं. आपलं दार दिवसभर उघडं असतं. भंगारवाला डोकावतो, मांजर डोकावतं, त्या कोपऱ्यावरचा दारुड्यासुद्धा डोकावतो. त्यांना आपण बोलावलं होतं का? नाही. मग ते आले ही आपली चूक का? नाही. पण पाट मांडून, पाणी देऊन त्यांना बसवायचं की नाही, ते आपल्या हातात. "आणि एकटीने हाकलत बसायचं नाही गं," त्या म्हणाल्या, "तिथेच माझं शिकवायचं चुकलं. दारुड्या आला तर तू काय करतेस? बाबांना हाक मारतेस ना? तसं प्रभूला म्हणायचं, हा आलाय बघ, तूच बोल याच्याशी. आणि आपण आपल्या कामाला लागायचं."

रूथने विचारलं, प्रभू रागावणार नाही का, असला विचार त्याला दाखवला तर? वन्सं म्हणाल्या की त्याला तो तुझ्याआधीच दिसलाय, आणि तरीही प्रभू आपल्या घरातून गेलेला नाही.

त्या रात्री रूथ बाळाच्या बाजूला झोपली. लगेच सगळं सुरळीत झालं असं नाही. मधूनच ती मोठ्याने म्हणायची, "आत्या, आला!" आणि वन्सं असतील तिथून म्हणायच्या, "सांग त्याला, पाट नाही." हळूहळू ते कमी झालं. बाळ बसायला लागलं तेव्हा त्याला मोरीपासून ओढून आणणारी तीच होती.

उंबऱ्यावरच्या त्या बोलण्यानंतरच्याच रविवारी वन्सं मुलांपुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की आंटीने तुम्हाला एक गोष्ट अर्धीच शिकवली होती, आज पुरी करते. एवढ्या करारी बाई, पण बोलताना पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. तेव्हापासून विमान गेलं की मुलं मनात कोण आलं होतं ते सांगायला लागली. दादाचा मोबाईल फोडावासा वाटला, परीक्षेच्या दिवशी शाळा पडावी असं वाटलं, देव नाहीच असं वाटलं… वन्सं कुणावर डोळे वटारायच्या नाहीत. विचारायच्या, "बसवायचं का याला?" कधी मुलं एका सुरात 'नको' म्हणायची. कधी एखाद्याला आजारी आजीची आठवण आलेली असायची, तेव्हा त्याच म्हणायच्या, "हिला बसवा. चहा पाजा." मग सगळे मिळून तिच्यासाठी प्रार्थना करायचे.

वर्षं गेली. रूथ नर्स झाली, लग्न होऊन मुलुंडला गेली. आधीच्या मुलांची मुलं येऊन सतरंजीवर बसायला लागली. आणि मग वन्संचंच मन हातातून सुटायला लागलं. आधी चष्मा, चाव्या. मग नावं. मग एक दिवस त्यांनी मला हात धरून बाहेर काढलं, मी त्यांच्या बांगड्या चोरल्या म्हणून. ज्या बाईने कधी कुणाला 'मेल्या' म्हटलं नाही, तिच्या तोंडून अशा शिव्या यायला लागल्या की भंगारवालाही थबकायचा. डॉक्टर म्हणाले, हा मेंदूचा आजार आहे, मनावर घेऊ नका. पण मुलं गल्लीतूनच ऐकायची. एकेक जण रविवारी यायचा बंद झाला. मला लाज वाटायची, स्वतःसाठी नाही, त्यांच्यासाठी. जिने सगळ्यांना मन राखायला शिकवलं तिला लोकांनी असं बघू नये, म्हणून मी दिवसाही दार लावून घ्यायला लागले. आमच्या चाळीत दिवसा बंद दार म्हणजे आत काहीतरी झालंय.

एका दुपारी त्या अचानक अगदी शुद्धीवर आल्या. कधीकधी यायच्या तशा. इकडेतिकडे बघून म्हणाल्या, "सुमन, दार का लावलंय?"

त्यांना कळलं. हुशार बाई, त्यांच्यापासून काय लपणार… "मी काही वाईट बोलले का गं?" आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. म्हणाल्या की जन्मभर पोरांना शिकवलं आणि आता माझंच मला आवरत नाही, वर जाऊन काय तोंड दाखवू.

मी उठून दार उघडलं. त्यांच्यापाशी बसले आणि म्हटलं, "वन्सं, आलं होतं कुणीतरी. तुम्ही बोलावलं नव्हतं."

त्यांनी डोळे पुसले. मग विचारलं, "प्रभूला सांगितलंस?"

मी मंडळीत कधी तोंड उघडून प्रार्थना केलेली नाही. चार माणसांत माझा आवाज फुटत नाही. त्या दिवशी मी त्यांचा हात धरून, दार सताड उघडं असताना, मोठ्याने प्रार्थना केली. काय म्हणाले ते आठवत नाही. त्या 'आमेन' म्हणाल्या एवढं आठवतं. त्यानंतर मी दिवसा दार लावलं नाही. शिव्या आल्या तर येऊ दिल्या.

वन्संना जाऊन काही आठवडे झाले. गेल्या रविवारी रूथ मुलुंडहून आली आणि म्हणाली, आई, आज सतरंजी घालू. मोजकीच मुलं आली. मागच्या गल्लीतली जेनी, आठेक वर्षांची, दाराबाहेरच उभी राहिली. रूथ सरबत ढवळत होती, म्हणून मीच तिला ये म्हटलं. ती आली नाही. सगळ्यांच्या देखत म्हणाली, "एस्तेर आंटी शिव्या द्यायची ना… मग देव तिला आत घेईल?"

रूथने माझ्याकडे पाहिलं. तिने मला बोलू दिलं.

मी जेनीला सांगितलं की शेवटी हॉस्पिटलमध्ये आंटी कुणालाच ओळखत नव्हती. मला नाही, रूथला नाही, स्वतःचं नावसुद्धा सांगता येत नव्हतं. पण कोणीही जवळ आलं, नर्स, डॉक्टर, झाडूवाली मावशी, की ती हळूच भिंतीकडे सरकायची आणि खाटेवर हात आपटायची. बस म्हणून. शिव्या आजाराच्या होत्या. हे तिचं होतं. "देवाला ते दिसलं नसेल का गं?"

जेनी थोडा वेळ पायाच्या अंगठ्याने उंबरा घासत राहिली. मग म्हणाली, "मला वाटायचं आंटी वाईट झाली. मी त्याला खूप दिवस बसवलं होतं."

"आता?" मी विचारलं.

ती आत आली, आणि सतरंजीवर मुलांमध्ये अंग चोरून बसली.