कातडीशी अहिराणी बोलणारी

ये गं, जवळ बस. माझा हात पोळला तेव्हा फोनवर रडलीस, मग तोंड काही दाखवलं नाहीस!

तळहातावर डॉक्टरांनी माझ्याच मांडीची कातडी लावली. आता हात जोडले की मी देवाला मांडी दाखवते. ही कातडी आकसते, म्हणून रोज ताणावी लागते. त्यासाठी धरणगावची एक बाई येते. माझ्याशी शुद्ध बोलते, पण कातडीशी अहिराणी: "ये माय, आखो थोडी. घाई नई शे." म्हणजे आणखी थोडी ये, घाई नाही.

मला वाटलं, पुरणाचे मांडे हातावर ताणण्यात जन्म गेला, मला कोण शिकवणार? एकटीनेच ओढली. चिरली ना!

तिने पाहिलं, रागावली नाही. मलम लावता लावता म्हणाली, "अक्का, पीठ भिजवल्या भिजवल्या मांडा ताणता का?"

"छे! मुरू द्यावं लागतं."

"मग?"

हेच सांगून मी सुनेला वीट आणलाय. आता मुकाट्याने हात पुढे करते. बोटं अजून पुरती उघडत नाहीत. या हातावर पुन्हा मांडा होईल का, विचारलं की ती कातडीकडेच बघते. तोवर मांडे सून करते आणि मी शेजारी बसून तोंड चालवते. लवकर ये गं परत, तेवढाच सुनेला आराम.