पाचवा आकडा

आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली होती. मी मुंबईतल्या एका संस्थेत नोकरी करत होते आणि तिथेच प्रोग्रामिंग शिकत होते. तोवर आमचं संगणकाशी बोलणं म्हणजे कार्डांना भोकं पाडणं. गठ्ठा खिडकीत द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी छापलेला कागद घ्यायला जायचं. त्या वर्षी टर्मिनलं आली. हिरव्या अक्षरांचा पडदा, चोवीस ओळी, पुढे टाइपरायटरसारखी बटणं. साहेबांनी मला पहिलं काम दिलं ते भांडाराचं. भांडारातल्या माणसाला संगणकातलं काहीही कळत नसलं, तरी त्याला पडद्याकडे बघून आपलं काम करता आलं पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

मी कोड लिहिला तो असा. पडदा पुसायचा. त्यावर कामांची यादी मांडायची, प्रत्येकापुढे आकडा. खाली एक चौकोन लुकलुकत ठेवायचा आणि थांबायचं. माणसानं आकडा दाबला की ते काम करायचं आणि पुन्हा यादी दाखवायची. यादीत नसलेला आकडा दाबला, तर 'चुकीचा आकडा, पुन्हा निवडा' अशा अर्थाची इंग्रजी ओळ दाखवायची आणि परत थांबायचं. पहिल्यांदा तो पडदा माझ्या बोटाला उत्तर देऊ लागला, तेव्हा मी तासभर नुसती एक-दोन-तीन दाबत बसले होते.

त्याच आठवड्यात गावाकडून तार आली. बाबांना लकवा मारला होता.

बाबा एस.टी.त कंडक्टर होते. कामरगावच्या आमच्या वस्तीत पहिला सरकारी पगार त्यांचा. आई मात्र शेवटपर्यंत दुसऱ्याच्या वावरात निंदायला, वेचायला जायची. तिला अक्षरओळख नव्हती. तेव्हा वाशीम वेगळा जिल्हा नव्हता, आमचं गाव अकोल्यात मोडायचं. मी बडनेऱ्याला रेल्वेतून उतरले आणि कारंजाच्या गाडीनं घरी पोचले. कंडक्टरनं माझं तिकीट फाडलं आणि बाबांचं कसं आहे, हे मलाच विचारलं.

बाबा बाजेवर पडलेले होते. उजवं अंग गेलेलं, वाचा गेलेली. डोळे मात्र पूर्ण जागे. ते घशातून एक आवाज काढायचे आणि आई अंदाजानं पाणी पाजायची, मग चादर सारखी करायची, मग पुन्हा पाणी. चुकलं की ते डोळे मिटून घ्यायचे.

"काय पायजे ते समजतच नाही मले," आई म्हणाली. "सारं करून पाह्यते."

मला सुचायला वेळ लागला नाही. साडीच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला आणि त्यावर निळ्या पेन्सिलीनं यादी लिहिली. एक पाणी, दोन जेवण, तीन कूस बदला, चार लघवी, पाच बाहेर. बाबांना समजावलं की यादी ऐकायची आणि डाव्या हातानं बाजेच्या लाकडावर तितके ठोके द्यायचे. मी आकडा मोठ्यानं म्हणेन, बरोबर असेल तर दोन ठोके. आयुष्यभर एका घंटीवर गाडी थांबवणाऱ्या आणि दोन घंट्यांवर सोडणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागलं नाही. त्यांनी तीन ठोके दिले. आम्ही त्यांची कूस बदलली. ते माझ्याकडे बघत राहिले. आईनं पदर तोंडाला लावला.

आईनं ती यादी एका दिवसात पाठ केली. वाचता येत नव्हतं म्हणून तिनं बोटांवर पाठ केली. अंगठा पाणी, करंगळी बाहेर.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर बाबांनी पाच ठोके दिले. शेजारचे दोन बाप्ये बोलावून आम्ही त्यांना बाजेसकट निंबाखाली नेलं. माणसं जमली. एक जुना ड्रायव्हर मोटारसायकलवरून उतरला आणि बहिऱ्याशी बोलावं तसं मोठ्यानं त्यांच्याशी बोलू लागला. बाबांच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती. मी ती पुसली, पुन्हा गळली. लहान पोरं टक लावून बघत होती. बाबांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मी त्यांना आत न्यायला लावलं.

त्याच संध्याकाळी कारंजाहून डॉक्टर येऊन गेले. ऊन फार आहे, जपा, असं ते म्हणाले. बाहेर नेऊच नका असं काही ते म्हणाले नाहीत. पण मला तेवढं पुरलं. खरं सांगायचं तर मला ती माणसं नको होती, त्यांच्या नजरा नको होत्या. बाबांनाही नको असणार, असं मी त्यांच्या वतीनं ठरवून टाकलं.

सकाळी मी दुसरा पुठ्ठा घेतला आणि यादी नव्यानं लिहिली. हा जास्त नीटनेटका होता. चारच आकडे, आणि जेवणाखाली दुसरी छोटी यादी, की वरण, दूध का भाकरी कुस्करून. मी बाबांना सगळं एकदा वाचून दाखवलं. त्यांनी ऐकलं, असं मी धरून चालले. जुना पुठ्ठा चुलीत गेला.

त्या दुपारी त्यांनी पाच ठोके दिले.

"बाबा, पाच नाही," मी म्हणाले. "एक ते चार."

त्यांनी थांबून पुन्हा पाच दिले. सावकाश, एकेक मोजून. मी यादी पुन्हा पहिल्यापासून वाचली. त्यांनी डोळे मिटले.

हे रोज होऊ लागलं. पाणी, कूस, लघवी, सगळं बरोबर यायचं, मध्येच पाच. मी आईला सांगितलं की या आजारात मोजणी बिघडते, मेंदूला एवढा मार बसला की असं होतं. ती म्हणाली, "पाचच म्हणून राह्यले ते." मी म्हटलं, होय, पण पाच काही नाहीच ना. ती गप्प बसली. तिची ती गप्प बसण्याची रीत मला ठाऊक होती. शिकलेल्या लेकीपुढे ती तशी बसायची.

एका दुपारी त्यांनी चार-पाच वेळा तेच केलं. मी उष्ट्या भांड्यांजवळ बसले होते. मान न वळवता मी म्हणाले, "चुकीचा आकडा." पडद्यावर लिहिली होती तीच ओळ, त्याच कोरडेपणानं. नंतर त्या दिवशी लाकडावर एकही ठोका पडला नाही. संध्याकाळी पाणी मीच विचारून पाजलं.

रजा संपली आणि मी मुंबईला परतले. पंधरा दिवसांत दुसरी तार आली. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं.

बाबांच्या नावानं पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे पांगले. आई आणि मी मिरच्यांचे देठ खुडत बसलो होतो. ती अगदी साधेपणानं बोलली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती.

"तू डॉक्टरचं ऐकून त्यायले बाहेर नेऊ देलं नाही, ते बराबरच होतं. पन तू गेल्यावर मी नेलं. रोज पाच म्हनत, मग मले राह्यवलं नाही."

माझे हात थांबले. करंगळी बाहेर. पहिल्या पुठ्ठ्यावर पाच म्हणजे बाहेर. तो पुठ्ठा मी जाळला होता, पण त्यांच्या डोक्यातला कोण जाळणार? ते कधीच चुकत नव्हते. ते रोज, शांतपणे, मी शिकवलेल्या रीतीनंच मला सांगत होते, आणि मी त्यांची मोजणी बिघडली असं ठरवलं होतं. यादी मी बदलली होती, आणि नवी लिहिल्या क्षणी जुन्या यादीतला पाच माझ्या डोक्यातून पुसला गेला होता.

"बाहेर काय करायचे?" मी विचारलं.

"काई नाही. पडून राहायचे. लोक यायचे, बोलायचे. बरं वाटे त्यायले."

लोकांनी बोललेलं बरं वाटायचं. लाळ गळायचीच, आई पुसायची.

मी मुंबईला परतले आणि भांडाराचा प्रोग्राम उघडला. यादीतली दोन कामं आता नको आहेत, ती काढून पुढचे आकडे वर सरकवायचे, असं साहेबांनी लिहून ठेवलं होतं. मी आकडे सरकवले नाहीत. काढलेल्या कामाचा आकडा दाबला, तर 'हे काम आता इथे होत नाही' अशी वेगळी ओळ येईल असं केलं. शिवाय तेच बटण तीनदा दाबलं गेलं, तर भांडारप्रमुखांना बोलवा, अशी आणखी एक ओळ. साहेबांनी दोन ओळी फुकट घालवल्याबद्दल विचारलं. मी म्हटलं, लोकांच्या बोटांना सवय असते. त्यांनी मान हलवली आणि सही केली.

त्यानंतर तीस वर्षं मी असले पडदे बांधले. आजही शेजारी कुणी एकच बटण पुन्हा पुन्हा दाबू लागलं की मी मान वळवून बघते. आणि घरात दुपारी सगळं निवांत असलं, की लाकडावर बोटाच्या पेराचे ठोके ऐकू येतात. उठून बघितलं तर कधी खिडकीची फळी असते, कधी काहीच नसतं. मी मोजते. मोजायचं नाही असं ठरवूनही मोजते.

आई नंतर माझ्याकडे राहायला आली आणि बरीच वर्षं राहिली. मी डॉक्टरांचं ऐकून बाबांना अडवलं, असंच ती शेवटपर्यंत समजत होती. आलेल्या-गेलेल्यांना तसं सांगायचीही, थोड्या अभिमानानं, की पोरगी कडक होती पण नियमाची होती. तिला एकदा खरं सांगावं, म्हणून मी कितीदा तिच्याजवळ जाऊन बसले. कळलंच नव्हतं मला, एवढं म्हणायचं होतं. पण कडक लेक असणं परवडत होतं. बापाचं बोलणं न समजलेली लेक असणं परवडत नव्हतं. मी तिच्या हाताची बोटं चोळत बसायचे आणि इकडचं तिकडचं बोलायचे. ती तशीच गेली.